चार दिवस वुपरटालचे, एका प्रयोगासाठी

नोव्हेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात मी जर्मनीत वुपरटालला जाऊन आले. पॅरिस, स्वित्झर्लंड काही केलं नाही, नाचाचा एक प्रयोग बघायला गेले होते, आणि घरी सगळ्यांनी विचारलं की एवढ्या लांब एका प्रयोगासाठी? हो, एका प्रयोगासाठी. परत जायला मिळालं तर परत जाईन.

याचं मूळ १९९४ मध्ये आहे. माझं बारावीचं वर्ष होतं, त्यामुळे घरून परवानगी मिळायचा प्रश्नच नव्हता, पण माझ्या नाचाच्या बाई (पुण्यात मी त्यांच्याकडे कथक शिकले) मुंबईला जाऊन जर्मन कोरिओग्राफर पिना बाउश हिच्या वुपरटालच्या कंपनीचा 'नेल्केन' हा प्रयोग बघून आल्या. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये तत्कार (कथकचं पायांचं काम) मधेच थांबवून अर्धा तास नुसतं सांगत होत्या, की अख्खं स्टेज कार्नेशनच्या फुलांनी भरलेलं, हजारो फुलं, आणि त्यात पुरुषसुद्धा गाऊन घालून सशासारख्या उड्या मारतायत, आणि हसू येता येता घशात आवंढा येतो. बाई तेव्हा अठ्ठेचाळीसच्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "त्यातल्या काही बायका माझ्या वयाच्या आहेत गं, आणि त्या अजून नाचतायत, शिकवत नाहीयेत, नाचतायत." हे वाक्य माझ्या डोक्यात तीस वर्षं राहिलंय.

पुढे मी स्वतः मुंबईत एका कंटेम्पररी ग्रुपमध्ये नऊ वर्षं नाचले. आठ जण होतो, शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी रिहर्सल, शोचे दीड हजार रुपये मिळायचे, तेसुद्धा शो असला तर, आणि नागपूरला शो असला की रात्रभर बसमध्ये बसून सकाळी उतरायचं आणि संध्याकाळी स्टेजवर. एकतिसाव्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि माझं परफॉर्म करणं थांबलं. आता सत्तेचाळीस पूर्ण आहेत, क्लास घेते, आणि माझ्या क्लासमधल्या मोठ्या मुली बावीस-तेवीसच्या झाल्या की घरचे लोक येऊन सांगतात, "आता हिचं नाचणं पुरे." त्यामुळे जेव्हा वाचलं की वुपरटालला 'कोंटाक्टहोफ' या पिनाच्या १९७८ सालच्या कलाकृतीत तेव्हा नाचलेले नऊ जण, आता सत्तरीत-ऐंशीत असलेले, पुन्हा तेच घेऊन स्टेजवर उभे राहणारेत, तेव्हा मी धाकट्या बहिणीला फोन केला. ती ड्युसेलडॉर्फला नोकरीला असते. म्हटलं, तिकीट काढ. एकच मिळालं. म्हटलं, तरी येते.

दिवस पहिला: लटकती ट्रेन आणि बंद दार

ड्युसेलडॉर्फहून एस-८ लोकलने वुपरटाल अर्ध्या तासावर आहे. धाकटीने चार दिवस सुट्टी टाकली होती, मुलाला तिच्या नवऱ्यावर सोपवलं आणि आम्ही दोघी लहानपणी आजोळी जायचो तशा डबे घेऊन निघालो, तिळाची चटणी आणि दशम्या.

स्टेशनच्या बाहेर पडलो तर पाऊस. तिथल्या लोकांना पावसाचं काही वाटत नाही, छत्रीसुद्धा फार कोणी उघडत नाही. गाव म्हणजे एक लांबलचक दरी, दोन्ही बाजूंना उतारावर घरं आणि मधून वुपर नदी, आणि त्या नदीच्या वर, बारा मीटर उंचावर, श्वेबेबान. म्हणजे लटकती ट्रेन, रूळ डोक्यावर आणि डबा खाली टांगलेला. १९०१ पासून चालू आहे, साधारण १३.३ किलोमीटर आणि २० स्टेशनं, आणि शाळेतली पोरं, कामावर जाणारी माणसं सगळे रोज त्यातूनच जातात. १९५० मध्ये एका सर्कसच्या हत्तीच्या पिल्लाला जाहिरातीसाठी त्यात बसवलं होतं, टुफी तिचं नाव, ती घाबरून खिडकी तोडून नदीत पडली आणि वाचली. गावात तिचं नाव अजून सगळ्यांच्या तोंडी आहे.

मी ट्रेनमध्ये नदी बघायचं सोडून माणसांचे पाय बघत होते. वळणावर डबा झुलतो, अगदी झोपाळ्यासारखा बाहेर जातो, आणि उभी असलेली माणसं हातात काही न धरता वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर असं सहज घेतात, फोन बघत बघत. एक आजीबाई दोन पिशव्या घेऊन उभ्या होत्या, वळण आलं की त्यांचा उजवा गुडघा जरासा सैल व्हायचा आणि ट्रेन सरळ झाली की परत ताठ. माझ्या मुलींना हे 'वजन सोडणं' शिकवायला मला सहा महिने लागतात. पिनाच्या रचनांमध्ये साधं चालणं, बसणं, केस मागे घेणं एवढं का येतं ते मला इथे थोडं कळल्यासारखं झालं.

थोडं तिच्याबद्दल, ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी. पिना बाउश १९४० मध्ये शेजारच्या सोलिंगेनला जन्मली, १९७३ मध्ये वुपरटालच्या नगरपालिकेच्या थिएटरमधलं बॅले तिच्या हातात आलं आणि तिने त्याचं टान्सथिएटर केलं, म्हणजे नाच आणि नाटक दोन्ही. सुरुवातीची वर्षं लोक दारं आपटून निघून जायचे. बॅले बघायला आलेल्यांना स्टेजवर माती, खुर्च्या, भांडणारी माणसं दिसायची. २००९ मध्ये ती गेली, कॅन्सरचं निदान झाल्यावर पाच दिवसांत. कंपनी चालू आहे.

संध्याकाळी बार्मेनला (हा वुपरटालचाच एक भाग) उतरून लिखटबुर्ग शोधलं. हे जुनं सिनेमा थिएटर, त्यात कंपनी वर्षानुवर्षं रिहर्सल करते. बर्गरच्या दुकानाच्या बाजूला साधं दार, बाहेरून कोणाला कळायचंही नाही. आत जाता येत नाही हे माहिती होतं, तरी दहा मिनिटं पावसात उभी राहिले. इथे बसून पिना नर्तकांना प्रश्न विचारायची. १९७८ च्या सुमाराला तिने ही पद्धत सुरू केली, स्टेप आधी द्यायची नाही, प्रश्न द्यायचा, एखाद्या भीतीबद्दल, घराबद्दल, लहानपणाबद्दल, आणि नर्तकाने हालचालीने, शब्दाने, काहीही करून उत्तर द्यायचं, त्यातलं बहुतेक सगळं नंतर टाकून दिलं जायचं आणि उरलेलं जोडून जोडून प्रयोग उभा राहायचा. म्हणजे एखादी भूमिका त्या नर्तकाच्या स्वतःच्या आयुष्यातून निघालेली असते. ती दुसऱ्याला द्यायची झाली तर नुसती नोंदवही पुरत नाही, त्या माणसाला समोर बसावं लागतं. आपल्याकडे बंदिश गळ्यातून गळ्यात जाते तशी ती अंगातून अंगात जाते. म्हणून या कंपनीत जुनी माणसं लागतात, आणि म्हणूनच ती तिथे तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं टिकली. दोमिनिक मेर्सी हा नर्तक १९७३ ला आला तो साठी उलटल्यावरही नाचत होता आणि पिना गेल्यावर काही वर्षं त्याने दुसऱ्या एकाबरोबर कंपनी सांभाळली.

राहायचं असेल तर वुपरटालच्याच एल्बरफेल्ड भागात मुख्य स्टेशनच्या जवळ बघा, तिथून सगळीकडे चालत किंवा श्वेबेबानने जाता येतं. महिन्याचा पास (२०२४ मध्ये ४९ युरोचा होता) काढला तर लोकल, बस, श्वेबेबान सगळं त्यात येतं (लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत), फक्त तो आपोआप रिन्यू होतो, महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करायला विसरू नका. आणि हो, त्या दिवसांत साडेचारला अंधार पडतो, त्या हिशोबानेच दिवस आखा.

दिवस दुसरा: वेर्डेनचा मठ

आज वुपरटाल सोडून एस्सेनमधल्या वेर्डेनला गेलो. जाताना एक गाडी रद्द, दुसरी चाळीस मिनिटं लेट, प्लॅटफॉर्मवर गारठून गेलो आणि दशम्या तिथेच संपवल्या. पण पोचलो.

वेर्डेनला फोल्कवांग आहे. १९२७ ला कोरिओग्राफर कुर्ट योस आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेली नाच-संगीताची शाळा, आता विद्यापीठ, एका खूप जुन्या मठाच्या इमारतीत भरतं. पिना चौदा-पंधरा वर्षांची असताना इथे आली. योसची 'हिरवं टेबल' ही युद्धावरची कलाकृती १९३२ ची, वाटाघाटी करणारे म्हातारे टेबलाभोवती आणि मृत्यू एकेकाला घेऊन जातो. पुढच्याच वर्षी नाझी आल्यावर त्याला सांगितलं गेलं की कंपनीतल्या ज्यू सहकाऱ्यांना काढ, त्याने नाही म्हटलं आणि सगळ्यांना घेऊन देश सोडला. इंग्लंडमध्ये डार्टिंग्टन हॉलला त्याला आसरा मिळाला. आणि त्याच डार्टिंग्टनला आपले नर्तक उदय शंकरही त्या काळात येऊन राहिले होते, कारण ती जागा चालवणारे एल्महर्स्ट आधी टागोरांबरोबर श्रीनिकेतनला काम केलेले. आपल्या झोहरा सेहगल तर त्याच्या आधी ड्रेस्डेनला मारी विगमान या जर्मन नर्तकीकडे शिकल्या आणि १९३५ मध्ये उदय शंकरांच्या कंपनीत दाखल झाल्या. मला हे धागे फार मोलाचे वाटतात. कंटेम्पररी म्हटलं की आपल्याकडे लोकांना ते टीव्हीवरच्या रिअॅलिटी शोमधून आलंय असं वाटतं, आणि हे शंभर वर्षांचं येणंजाणं कोणी सांगतच नाही.

मठाच्या अंगणात दगडी फरशी, ओली, कुठल्या तरी खिडकीतून चेलोचा एकच सूर पुन्हापुन्हा येत होता. समोरच्या बेकरीत शिरलो तर तिथे एक मुलगी बसलेली, पाय शेजारच्या खुर्चीवर, घोट्याला टेप. टेप बघून मी ओळखलं. ब्राझीलची निघाली, शेवटच्या वर्षाला. धाकटी मधे जर्मन बोलायची, मी इंग्लिश, आणि तासभर गप्पा झाल्या.

तिने सांगितलं की एका जागेसाठी शेकड्यांनी लोक ऑडिशनला येतात, नंबर लावून, आणि बऱ्याचदा पहिल्या वीस मिनिटांत घरी पाठवतात. पण जागा मिळाली की ती नोकरी असते. नगरपालिकेच्या किंवा राज्याच्या थिएटरमध्ये महिन्याचा पगार, आरोग्यविमा, पेन्शनला कापलेले पैसे. करार मात्र दर वर्षी नवा होतो, आणि पुढच्या वर्षी नकोय असं सांगायचं असेल तर ते शरद ऋतूत सांगतात, त्यामुळे ऑक्टोबर महिना सगळ्यांना जड जातो. पंधरा वर्षं एका ठिकाणी झाली की सहज काढता येत नाही, म्हणून काही ठिकाणी चौदाव्या वर्षीच निरोप देतात. मी तिला आमचे दीड हजार आणि नागपूरची बस सांगितली. ती काही बोलली नाही, नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

वयाचं विचारलं तर म्हणाली की बॅलेत पस्तीस-चाळीस म्हणजे संपलं. पॅरिस ऑपेराच्या बॅलेत तर बेचाळीसाव्या वर्षी निवृत्तीच आहे. वुपरटालचं वेगळं, तिथे माणूस हवा असतो, उडी कमी झाली तर चालतं. ती म्हणाली, मला तिथेच जायचंय, पण तिथे जागा निघायलाच वर्षं लागतात कारण कोणी सोडत नाही.

मग तिने आम्हाला अंगणात नेऊन 'नेल्केन'मधली ती प्रसिद्ध रांग शिकवली. चार ऋतू, हातांच्या चार खुणा, आणि रांगेत एकामागे एक चालत राहायचं. वसंत म्हणजे बोटांखाली छोटं गवत, ग्रीष्म म्हणजे उंच गवत आणि वर सूर्य, शरद म्हणजे पानं गळतायत, आणि थंडीत दोन्ही मुठी अंगाशी घेऊन कापायचं. कोणालाही करता येतं, २०१७ मध्ये पिनाच्या नावाच्या फाउंडेशनने जगभरातल्या लोकांना हे करून व्हिडिओ पाठवायला सांगितले होते. मी, धाकटी आणि ती, तिघी त्या ओल्या फरशीवर चालत होतो, आणि धाकटी, जिने चौथीत नाच सोडला होता, ती सगळ्यात छान करत होती कारण ती विचार करत नव्हती. माझं डोकं सारखं मात्रा मोजत होतं. मुलीने माझ्या डाव्या हाताला दोनदा दुरुस्त केलं.

वेर्डेनला जायचं तर ड्युसेलडॉर्फ किंवा एस्सेनहून एस-६ पकडा. अंगणात जायला कोणी अडवत नाही, पण क्लास चालू असतो, खिडकीशी उभं राहून शूटिंग करू नका. विद्यार्थ्यांचे प्रयोग होत असतात, तारखा आधी बघून ठेवल्या तर फार स्वस्तात चांगलं बघायला मिळेल. आमची तारीख जुळली नाही.

दिवस तिसरा: प्रयोग

सकाळी एल्बरफेल्डच्या नाताळ बाजारात फिरलो. तिथे बटाटा किसून तव्यावर तेलात थापलेले राइबेकुखेन मिळतात, सफरचंदाच्या गोड मुरंब्याबरोबर. वास आपल्या उपवासाच्या बटाट्याच्या थालीपिठाचा. मी दोन खाल्ले आणि मग वर चटणीची पुडी सोडून तिसरं.

दुपारी झोपायचा प्रयत्न केला, झोप आली नाही. एक तिकीट दोघी आणि प्रयोग फुल. धाकटी म्हणत होती की ताई तू जा, मी बाहेर कॉफी पिते, पण मला ते नको होतं. हॉटेलच्या बाईंनी सांगितलं की इथे एक पद्धत आहे, कागदावर 'झूखं कार्टं', म्हणजे तिकीट हवंय, असं लिहून दाराशी उभं राहायचं. तिने स्वतःच स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून दिलं. आडलरब्रुके स्टेशनला उतरलो, ऑपेरा हाउससमोर आधीच सात-आठ माणसं असे कागद धरून उभी. नीट कोट घातलेली, केस पांढरे झालेली माणसं हातात पाटी घेऊन शांत उभी, कोणी कोणाला ढकलत नाही. आम्हीपण उभ्या राहिलो, चार-पाच डिग्री असेल, बोटं बधिर.

वीस मिनिटांनी एक उंच आजोबा आले आणि सरळ धाकटीसमोर थांबले. त्यांची बायको तापाने पडली होती, तिचं तिकीट होतं. छापील किमतीला दिलं, वरचा एक सेंट घेतला नाही. विचारलं कुठून आलात, भारत म्हटल्यावर म्हणाले, अच्छा, तिथे कंपनी गेली होती, मित्रांकडून ऐकलंय. ते ऑपेरात स्टेजचं काम करायचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. पिनाच्या 'वसंताचा विधी' या प्रयोगाच्या वेळी स्टेजभर पीटची काळी माती पसरायच्या टोळीत होते. ती माती इंटरव्हलमध्ये प्रेक्षकांसमोरच पसरतात, पडदा न पाडता. त्यांनी हात पुढे करून अंगठा आणि बोटं एकमेकांवर चोळून दाखवलं की माती अशी हवी. कोरडी असली तर धूळ होऊन नर्तकांच्या छातीत जाते, फार ओली असली तर पाय घसरतो, म्हणून पाणी मारून मारून हातात घेऊन बघायची. म्हणाले, संगीत, दिवे सगळं इतर लोक बघायचे, पण पायाखालचं आम्ही बघायचो. त्या हातावरच्या शिरा आणि ती चोळणारी बोटं मला अजून दिसतात. आपल्याकडे स्टेजवर चटई नीट चिकटवलेली नव्हती म्हणून माझा गुडघा गेला, त्या वेळी असा एक माणूस विंगेत असता तर, असं मनात आलं आणि मला बोलताच येईना. धाकटीला कळलं, तिने विषय बदलला.

आता प्रयोग. नाव 'कोंटाक्टहोफ, एकोज ऑफ ७८'. कोंटाक्टहोफ म्हणजे भेटीगाठीची जागा, जर्मनीत वेश्यावस्तीतल्या अंगणालाही हाच शब्द आहे, आणि दोन्ही अर्थ आत आहेत. एक जुना डान्स हॉल, भिंतीला लागून खुर्च्या, १९३० च्या आसपासची गोड जर्मन गाणी, बायका रेशमी गाऊनमध्ये आणि पुरुष सुटात, आणि सगळ्यांना कोणीतरी जवळ घ्यावं असं वाटतंय आणि कोणालाच ते नीट जमत नाहीये. पिनाने हीच रचना २००० मध्ये वुपरटालच्या पासष्टीपुढच्या सामान्य नागरिकांकडून करून घेतली होती आणि २००८ मध्ये शाळकरी मुलांकडून. हे जे मी बघितलं ते मेरिल टॅंकर्डने बसवलेलं. ती ऑस्ट्रेलियाची, १९७८ मध्ये या कंपनीत नाचली, नंतर मायदेशी जाऊन स्वतः मोठी कोरिओग्राफर झाली, सिडनी ऑलिम्पिकच्या उद्घाटनातला समुद्राचा भाग तिचा. आता ती पुन्हा आली, जुन्या सोबत्यांना गोळा केलं, आणि पिनाचा जोडीदार आणि नेपथ्यकार रोल्फ बोर्झिक याने तेव्हा काढलेली कृष्णधवल फिल्म पडद्यावर, आणि तीच माणसं प्रत्यक्ष समोर.

सुरुवातीला एकेक जण चालत पुढे येतो, कडेला उभा राहतो, आणि स्वतःला दाखवतो. समोरून, बाजूने, पाठीने. दात दाखवतो, हात पुढे करून उलटसुलट करतो, केस मागे घेतो. गुरं विकायला आणल्यावर बघतात ना, तसं. पडद्यावर तिशीच्या आतलं अंग हे करतंय आणि त्याच्या पुढे तेच माणूस शेहेचाळीस वर्षांनी. हात पुढे केले तेव्हा एकीची बोटं संधिवाताने वाकलेली होती. तिने ती लपवली नाहीत, तेवढाच वेळ धरली जेवढा वेळ पडद्यावरच्या मुलीने धरली होती, सूतभर कमी नाही की जास्त नाही. कथकमध्ये आम्ही समेवर येणं म्हणतो. ती समेवर आली.

मूळ प्रयोगात वीसेक जण होते, आता नऊ. काही या जगात नाहीत. पण त्यांच्या जागा भरलेल्या नाहीत. जोडीने नाचायचं आलं की पडद्यावर दोघं असतात आणि स्टेजवर एकटा माणूस, हात हवेत बरोबर त्या उंचीवर जिथे तिची कंबर होती, आणि तो गोल फिरतोय. त्या हातात जोर होता, नुसता अधांतरी धरलेला हात नव्हता, वजन घेतल्यासारखे खांदे होते त्याचे. माझ्या शेजारी धाकटी हुंदके देत होती, जिला नाचातलं काही कळत नाही असं ती म्हणते.

आणि एक सांगते, कोणीही तरुण दिसायचा प्रयत्न करत नव्हतं. उडी नाही, गिरकी सावकाश, काही वेळा खुर्चीचा आधार. पण नजर! तरुणपणीच्या फिल्ममध्ये ते सगळे सुंदर दिसतात आणि थोडे घाबरलेले दिसतात. आता घाबरलेलं कोणी नाही. मी इतकी वर्षं मुलींना सांगत आले की पस्तिशीच्या आत काय करायचं ते करून घ्या. मी हे चूक सांगत होते. शरीर काही गोष्टी परत घेतं हे खरं आहे, पण एखादी हालचाल चाळीस-पन्नास वर्षं अंगात ठेवली की तिचं काय होतं हे पंचविशीतलं कोणी दाखवूच शकत नाही, कितीही तयारीचं असलं तरी. आणि ते बघायला मिळण्यासाठी त्या माणसाला मधली वर्षं कोणीतरी पगार द्यावा लागतो, पायाखालची माती बघावी लागते, आणि घरच्यांनी पुरे म्हणू नये लागतं.

टाळ्या थांबत नव्हत्या, सगळं थिएटर उभं. आजोबा दोन रांगा मागे होते, ते मात्र बसूनच होते, दोन्ही तळवे मांडीवर पालथे घालून.

तिकिटाबद्दल: विक्री उघडते त्याच दिवशी काढा, गाजलेली कामं लगेच संपतात. नाही मिळालं तर तासभर आधी जाऊन खिडकीवर विचारा आणि कागद घेऊन उभ्या राहा, लाज वाटू देऊ नका. कोट, मोठ्या बॅगा गार्डरोबमध्ये द्यायच्या असतात, त्यासाठी सुटे ठेवा. जर्मन येत नसलं तरी अडत नाही.

दिवस चौथा: फारेसबेक, आणि काकवी

सकाळी फारेसबेकच्या दफनभूमीत गेलो. गावाच्या पश्चिमेला, झाडीत. पिनाची समाधी तिथे आहे. पानांचा ओला थर, बूट आत जात होते, आणि आमच्याशिवाय फक्त एक माळी पानं गोळा करत होता. त्याने न विचारताच हाताने दिशा दाखवली, आमच्यासारखे लोक त्याच्या सवयीचे असणार. क्लास सुरू करताना आम्ही जमिनीला हात लावून नमस्कार करतो, नाचण्याआधी पाय लावणार म्हणून माफी मागतो, तोच केला. धाकटीने छत्री धरली.

मग सोलिंगेनच्या बाजूला एका जुन्या खानावळीत बेर्गिशं काफेटाफेल घ्यायला गेलो. हे प्रकरण भुकेल्या पोटी करा आणि दोघांत एकच मागवा. टेबलभर मांडतात: हृदयाच्या आकाराची वॅफल, गरम चेरी, साय, दालचिनी-साखर घातलेला घट्ट तांदूळदूध (खीर म्हणा), काळा पाव, चीज, आणि बीटाचा काळा पाक, जो चाटला आणि मी ओरडलेच, काकवी! अगदी काकवी, जराशी मातकट. कॉफी येते ती जस्तासारख्या दिसणाऱ्या तीन पायांच्या भांड्यात, खाली तोटी, आजीच्या न्हाणीघरातला बंब लहान करून टेबलावर ठेवावा तशी. तोटीतून कॉफी ठिबकते म्हणून त्याचं नाव ड्रोपेलमिना.

पिनाच्या आईवडलांची अशीच खानावळ होती सोलिंगेनमध्ये, आणि लहानपणी ती टेबलाखाली बसून मोठ्यांचं बोलणं, भांडणं, प्रेम ऐकायची. १९७८ च्या 'कॅफे म्युलर'मध्ये ते आलंय, रिकाम्या टेबलखुर्च्यांमधून डोळे मिटून चालणाऱ्या बायका. त्यात ती स्वतः नाचायची. तिने नंतर सांगितलंय की मिटलेल्या पापण्यांच्या आत नजर खाली आहे की समोर, एवढ्याने सगळं बदलतं, एकदा तिला ती जुनी भावना सापडतच नव्हती आणि शेवटी कळलं की फरक नजरेचा होता. मी वॅफल खाता खाता डोळे मिटून करून बघितलं. खाली, मग समोर. खरंच मान आपोआप वेगळी होते. तुम्हीपण करून बघा.

संध्याकाळच्या लोकलमध्ये बाईंना व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात रात्र झाली होती पण त्या जाग्या होत्या, अठ्ठ्याहत्तर वय, कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून खुर्चीतच असतात. मी सगळं सांगत सुटले, नऊ जण, फिल्म, रिकामे हात, माती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती चार ऋतूंची रांग तुला कोणी दाखवली का?" म्हटलं हो, शिकून आलेय. फोन धाकटीकडे दिला आणि दोन सीटच्या मधल्या जागेत उभी राहून करून दाखवलं, छोटं गवत, उंच गवत, पानं, थंडी. स्क्रीनवर बाईंचे हात खुर्चीतूनच माझ्याबरोबर चालत होते, तीस वर्षांपूर्वी एकदाच बघितलेलं, आणि पानं गळताना त्यांचं मनगट माझ्या आधी वळलं.

"डावा हात आखडतोय तुझा," त्या म्हणाल्या. "परत दाखव."